बावीस बादल्यांचा उपचार

रोग शरीराच्या आत असतो आणि विटाळ शरीराच्या बाहेर, हे वैद्यकशास्त्राचं मूलभूत तत्त्व आहे. (कलकत्त्याला ते शिकवत नाहीत. मला मूर्तिजापुरात येऊन शिकावं लागलं.)

माझं शिक्षण मात्र रीतसर झालं. कलकत्त्याच्या एका दवाखान्यात मी फरशी पुसायला होतो. तिथले डाक्टर चीनमधून सुया टोचून दुखणं घालवायची विद्या शिकून आले होते. दोन वर्षं खाटेखाली फडकं मारता मारता मी खाटेवरचंही पाहून घेतलं. एकसष्ट साली बारा सुया घेऊन परतलो आणि स्टेशनच्या रस्त्यावर पाटी लावली: ‘देवमन, सुईचिकित्सक’.

पहिले रोगी खुशालराव पाटील. पाच महिने कंबर धरलेली, पाण्याचा लोटा उचलवत नव्हता. त्यांनी वाड्याच्या ओसरीबाहेर खाट टाकली आणि पालथे पडून सांगितलं, “सुई टोच देवमन, पन हात लावू नोको. लोखंडाले इटाळ नसते.”

आता कंबरेची सुई गुडघ्यामागे टोचतात, आणि ती जागा अंगठ्याने दाबून शोधावी लागते. पण मी मोठा समजूतदार माणूस. पाटलांनी कोळशाने कंबरेवर फुली मारून घेतली, मी फुलीवर सुई टोचली. अशा नऊ फेऱ्या झाल्या. (गुण: शून्य. फुल्या: नऊ.) एका बऱ्या झालेल्या पाटलावाचून माझी पाटी टिकणार नव्हती.

बायको जाईबाई म्हणाली, “पाटील तुमची सुई घेते, तुमाले घेत नाई. मंग डाक्टर कोन, तुमी का सुई?”

दहाव्या फेरीला पाटलांच्या पायात गोळा आला आणि ते खाटेवरून घसरले. मी पाय धरला. अंगठा गुडघ्यामागे नेमका रुतला, तिथेच सुई टोचली. पाव तासाने पाटील ताठ उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं, पायाकडे पाहिलं, आणि चालत विहिरीवर गेले. तिथे स्वतःच्या हाताने बावीस बादल्या शेंदून त्यांनी आंघोळ केली. कंबर बरी झाल्याचा याहून भक्कम पुरावा कोणत्याही शास्त्राकडे नाही.

मी लगेच पाटीखाली लिहिलं: ‘उपचारानंतर बावीस बादल्या स्नान आवश्यक’. त्या दिवसापासून लोक बिनधास्त हात लावू देऊ लागले. दर्यापूरपासून रोगी येतात.

“त्यायच्या इटाळाची दवाई तुमीच लिहून देल्ली,” जाईबाई म्हणाली. “लय मोठे डाक्टर.”

इतक्या वर्षांत प्रमाणपत्र एकानेही मागितलं नाही. जात सगळ्यांनी विचारली.

तुम्ही पाटलांना हसलात, ते बरं केलंत. पण माझी पाटी वाचताना ‘देवमन’च्या पुढे तुमची नजर आडनावासाठी थांबली होती. फरशी पुसणाऱ्याच्या हातात सुई कशी, हे तुम्हीही विचारलं नाहीत. असो. या कधी कंबर धरली तर. तुमच्यासाठी बादली भरून ठेवली आहे.

मीच भरली आहे.