उमाठेजी आणि जुनं हाड

कोणी हात मिळवायला पुढे केला की उमाठेजी तो लगेच सोडत नसत. मनगटापासून कोपरापर्यंत चाचपून पाहत आणि विचारत, "हे केव्हा मोडलं होतं?" समोरचा गोंधळून म्हणायचा, शाळेत असताना. मग उमाठेजी समाधानानं हात परत करत. "जुनं हाय. सांगून ठेवलेलं बरं असते."

आमच्या विमा कंपनीच्या रायपूर कार्यालयात ते अपघाताच्या दाव्यांची चौकशी करत. राज्य नुकतंच वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं होतं. रस्ते जागोजागी खोदलेले आणि त्यांवरून साहेब लोकांच्या नव्या मोटारी धावत होत्या, त्यामुळे आम्हाला फायलींचा तोटा नव्हता. मी नागपूरहून बदली होऊन कायदा विभागात आले होते. पहिल्याच आठवड्यात जिन्यावर माझा पाय घसरला. घोटा धरून पायरीवर बसले होते, तेवढ्यात उमाठेजी वरून उतरले, वाकून पायाकडे पाहिलं आणि पाण्याचं वगैरे विचारायच्या आधी म्हणाले, "मॅडम, हा पाय याच्या आधी कधी मुरगळला होता काय?"

त्यांचा संशय कार्यालयापुरता नव्हता. टपरीवर चहा घेतला की ते आधी कपाचा टवका दाखवत. "देख लो भैया, पहले से टूटा है. बाद में मेरे नाम पे मत डालना." ब्राह्मणपाऱ्यात खोली भाड्यानं घेताना त्यांनी भिंतींच्या भेगांची यादी करून घरमालकाची सही घेतली होती. लग्नाला गेले तर अक्षता हातातच राहत आणि नजर नवरदेवाच्या चालीवर. "डावा गुडघा पहा, मॅडम. पोरीकडच्यायले सांगतलं असन काय?"

आमच्या कामात प्रश्न एवढाच असे, की दुखणं मोटारीनं झालं की आधीपासून होतं. आधीपासूनचं निघालं की कंपनी सुटली, असं मॅनेजर मानत. उमाठेजींनी जुना एक्स-रे शोधून आणला की मॅनेजर स्वतः चहा मागवत.

अशात बिसाहिन दाईची फाइल आली. अभनपूरची ही बाई आजूबाजूच्या गावांत बाळंतपणं करायची. रस्त्याच्या कडेनं चालत असताना आमच्याकडे विमा असलेल्या एका मोटारीनं तिला उडवलं आणि डावा पाय मोडला. दाव्यात लिहिलं होतं, पायाला याआधी कधीही इजा नव्हती.

"कधीही?" उमाठेजींनी चष्मा वर केला. "साठीच्या बाईचा पाय अन् कधीही नाई?"

तीन दिवसांनी ते समता कॉलनीतल्या एका दवाखान्यातून धूळ झटकत परतले. हातात एक्स-रेची जुनी फिल्म होती. सहा-सात वर्षांपूर्वी दाई बैलगाडीवरून पडली होती आणि तोच पाय तिथंच मोडला होता. मॅनेजरनी चहा मागवला. उमाठेजींनी मात्र कप खाली ठेवला.

"लपवलं काहून, हे पाहा लागन," ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मला सोबत घेऊन अभनपूरच्या बसमध्ये बसले.

दाई अंगणात स्टुलावर बसली होती. उमाठेजींनी फिल्म समोर धरताच तिनं एकदाही नाही म्हटलं नाही. "हव, टूटे रिहिस," पाय आधी मोडला होता, असं ती म्हणाली. मग वकिलानं बजावलं होतं, जुनं सांगितलंस तर काहीच मिळणार नाही, हेही सांगून टाकलं. पण त्या पायावर आपण पुन्हा कामाला लागलो होतो, हे ती परत परत सांगत राहिली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आता संपलं. खोटं तर पकडलं गेलं."

"एक खोटं पकडलं. बाकीचं खोटंच हाय, हे कोणं सांगतलं तुमाले?" ते म्हणाले. "आता ते कामाचं सांगून राह्यली, तेही तपासू."

मग आम्ही घरोघर फिरलो. बैलगाडीवरून पडल्यानंतर आणि मोटारीच्या आधी जिथं जिथं दाईनं बाळंतपण केलं, त्या प्रत्येक घरी. विचारायचं काय, तर दाई उकिडवी बसली होती का, किती वेळ, उठताना कोणाचा आधार घेतला का. पहिल्याच घरी उमाठेजींचे कान लाल झाले. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, तुमीच विचारा. मी लिहून घेतो."

बायका आधी हसल्या, मग सांगू लागल्या. चार-चार तास बसायची. एकीनं सांगितलं, नाल्याला पाणी होतं तरी चालत आली. उमाठेजींना वाटे, सगळ्यांना पढवलंय. म्हणून ते न सांगता दुसऱ्या गावी उतरत, तिथंही तेच ऐकत आणि नाखुशीनं लिहून घेत. अकरा घरं झाल्यावर त्यांनी वही मिटली.

त्यांच्या अहवालातल्या तीन ओळी मला अजून आठवतात. "हाड जुनं मोडलेलं होतं. काम मोडलेलं नव्हतं. काम मोटारीनं मोडलं."

मॅनेजर म्हणाले, पहिली ओळ ठेवा, बाकीच्या काढा. उमाठेजी म्हणाले, "मग सही तुमची करा, साहेब." न्यायाधिकरणात ते तेच बोलले. जुन्या दुखण्याचा वाटा वजा झाला, जुनी इजा लपवल्याबद्दल दाईनं बोलणी खाल्ली, पण बाकीची भरपाई कंपनीला द्यावी लागली.

आता संशय उमाठेजींवर आला. दर शनिवारी ते अभनपूरच्या बसमध्ये दिसतात, असं कोणीतरी मॅनेजरांच्या कानावर घातलं. दाईकडून काहीतरी घेतलं असणार, असं कार्यालयात सगळे बोलू लागले. मॅनेजरनी मला बोलावून सांगितलं, जाऊन बघून या आणि लिहून द्या. खरं सांगते, तोवर मलाही शंका येऊ लागली होती.

मी शनिवारी त्यांच्या मागच्या बसनं गेले. दाईच्या घराजवळच्या हातपंपावर उमाठेजी तिच्या बादल्या भरत होते, एकाच हातानं. डावा हात अंगाला चिकटलेला. पाणी भरून झालं तसे ते स्टुलासमोर जमिनीवर बसले, सदऱ्याची बटणं सोडली आणि दाई त्यांच्या खांद्याला तेल चोळू लागली.

मी दिसले तेव्हा त्यांनी सदरा ओढायचा प्रयत्न केला, पण हात वर जाईना.

"साहेबानं पाठवलं न?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"दाव्याच्या वेळी यायचो तवा हिनंच ओळखलं, का हा हात वर जात नाई. निकाल लागेपर्यंत हात लावू देल्ला नाई मी." सदऱ्याचा नाद सोडून म्हणाले, "घरची होती तोवर तेल लावून द्यायची. आता सदरा घालाले पंधरा मिनिटं लागतात. घाई कराले घरात कोणी नाई, म्हणून चालते."

दाईनं मला बसायला पाट दिला आणि चोळत राहिली.

सोमवारी मी मॅनेजरांना एका ओळीत लिहून दिलं, तक्रारीत तथ्य नाही. त्यांनी कागद उलटसुलट पाहिला.

"मग तो तिथं करतो काय?"

"पाणी भरतात," मी म्हणाले.