तीन, तीन, तीन, एक

अध्यक्षपद सुटलं तर उकाईंच्या पदरात वर्षाचे बावन्न रविवार पडणार होते, सगळेच्या सगळे गळ टाकून बसायला. शिवाय भलत्या वारी कचरा कुणी टाकला, याचा तपास कायमचा बंद. आठ वर्षं त्यांच्या जपानी गल्लीचं मंडळ त्यांच्या मानगुटीवर होतं. यंदा ते निवृत्त पोस्टमास्तर नागामिनेंच्या मानगुटीवर बसवायचंच, असा त्यांनी चंग बांधला.

सभा रडकी होऊ नये म्हणून त्यांनी वृद्धांच्या केंद्रातून पोको मागून आणला. पोको म्हणजे कलिंगडाएवढा, आखूड हातांचा यंत्रमानव. बोलणाऱ्याच्या लयीत तो डुलायचा. कुणाचा चेहरा पडला की त्याला खुलवायला धडपडायचा. नववर्षाच्या मेजवानीत तो शिकला होता, की "यो-ओ" म्हणून तीन, तीन, तीन, एक अशा टाळ्या वाजवल्या की माणसं खुलतात. त्या टाळ्यांचा अर्थ 'ठरलं ते ठरलं, आता घरी चला' असा असतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"यंदा जबाबदारी कोण घेणार?" उकाईंनी विचारलं. एकोणतीस माना खाली गेल्या. पोको कासावीस झाला.

"यो-ओ."

हात सवयीने वाजले, पाय सवयीने बुटांत गेले. सभा संपली.

"मग ठरलं काय?" घरी त्यांच्या पत्नी फुसाएबाईंनी विचारलं.

"काही नाही. पण युक्ती सापडली. पुढच्या रविवारी नागामिनेंचं नाव घ्यायचं आणि लगेच चेहरा पाडायचा. उरलेलं पोको करतो."

"तुम्ही आणि चेहरा पाडणार? मासा गळाला लागायच्या आधी तुमचे दात दिसतात."

उकाईंनी आठवडाभर आंबटढोण उमेचं, म्हणजे जपानी आलुबुखाराचं, लोणचं तोंडात धरून आरशासमोर सराव केला.

रविवारी ते उभे राहिले. "तर यंदाचे अध्यक्ष, नागामिने-सान." आणि नेमकं हसू फुटलं. बाकीचेही सुटल्यासारखे हसले. नागामिनेंची चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत गेलेली; त्यांचा चेहरा कशानेही पडत नसे. पोको खुशीत डुलत राहिला.

नागामिने सावकाश वाकले. "माझी कुठली लायकी. उकाई-सानांनी आठ वर्षं एवढ्या हौसेनं केलंय, नववंही त्यांनीच करावं."

उकाईंचा चेहरा पडला. लोणच्याशिवाय.

"यो-ओ." तीस जणांनी टाळ्या दिल्या. उकाईंचे हातही सवयीने वाजले, तेही अचूक लयीत.

एकोणतीस चेहरे खुलले. तिसावा तसाच राहिला, हे पोकोला बघवेना. त्याने पुन्हा सुरू केलं. सगळ्यांनी पुन्हा साथ दिली.

"दोनदा वाजल्या," बूट चढवत नागामिने म्हणाले. "म्हणजे दोन वर्षं ठरली."

एकशे चार रविवार. सगळे मंडळाचे.