झटक्याला दगड

स्टुलांच्या कारखान्यात चाचण्या घेणाऱ्या त्या पोराला सगळे फटाफट म्हणत, आणि त्याला तो मान वाटे. खरं तर स्टुलावर वजन हळूहळू वाढवत नेऊन दिवसभर ठेवायचं असतं. फटाफटच्या मते हा वेळेचा खून होता. त्याने नव्याच पदार्थापासून बनवलेल्या काळ्या, ठोकळ्यासारख्या स्टुलावर घण हाणला. स्टुलाला ओरखडा नाही. घण मात्र उडून कपाटावर जाऊन बसला. चाचणी संपली, चहा सुरू झाला.

विभागाच्या मुख्य बाईंनी हटकलं, की जोर किती आला एवढंच बघून चालत नाही, तो किती वेगाने आला तेही बघावं लागतं.

"बाई, घणाला पुरून उरलं ते माणसाला दबणार आहे का?"

त्याच दुपारी मोठे साहेब त्याला नोकरीत कायम करायला आले. फटाफटच्या बायकोने ही बातमी बिल्डिंगभर आधीच वाटून टाकली होती, त्यामुळे आता माघार नव्हती. फटाफटने ऐटीत तेच स्टूल पुढे सरकवलं. साहेब बसले आणि त्याचा अहवाल वाचू लागले. अहवाल जाडजूड होता. चाचणी लवकर उरकली की लिहायला वेळ भरपूर मिळतो.

अर्धा अहवाल झाला तेव्हा साहेबांची हनुवटी टेबलाला टेकली.

"हे टेबल वर येतंय का हो?"

"नाही, साहेब," फटाफट म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

थोड्या वेळाने नुसतं टक्कल दिसू लागलं. स्टूल लोण्यासारखं पसरत होतं आणि साहेब त्यात कमरेपर्यंत रुतले होते. फटाफटने त्यांचे हात धरून जोरात हिसका दिला. स्टूल क्षणात दगड झालं. साहेबांचा खांदा तेवढा कटकन वाजला.

"बघितलंत, साहेब? किती पक्कं आहे!" त्याला राहवलंच नाही.

बाईंनी त्याला दटावलं, ओढू नकोस, नुसता मागे रेल. मग तो आणि साहेब हातात हात घालून बसले, स्टेशनवर निरोप घेणाऱ्या माणसांसारखे. तेवढ्यात बायकोचा फोन आला. हात मोकळे नव्हते, म्हणून बाईंनी तो स्पीकरवर टाकला.

"झालं का रे?"

"साहेबांनी माझा हात धरलाय."

"मग कायम होईपर्यंत सोडू नकोस."

संध्याकाळी साहेब बाहेर आले. पँट आतच राहिली.

"तुम्हाला कायम करू," कमरेला टेबलावरचं कापड गुंडाळत ते शांतपणे म्हणाले.

"कधी, साहेब?"

"माझी पँट निघाली की."

तेव्हापासून फटाफट रोज वेळेवर कामावर येतो, पँटचा एक पाय धरतो आणि मागे रेलून बसतो.