ब्रँड पिशवी धरत नाही

साकोलीच्या बाजारात सदुभाऊ वांगी स्वतः निवडतात, भाव स्वतः करतात आणि पिशवी माझ्या हातात देतात. "दिगू, ब्रँड पिशवी धरत नाही."

ब्रँड म्हणजे ते स्वतः. एरवी माझ्या शेजारी त्यांची पिठाची चक्की. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरली, की रात्रीच्या झाडीपट्टी नाटकात ते खलनायक. कोणीतरी त्यांच्या राक्षसी हसण्याची रील काढली, ती जिल्हाभर फिरली, आणि दळण घेऊन आलेल्या बायकांना उत्तर मिळू लागलं, "मॅनेजरशी बोला." मॅनेजर मी. ही नेमणूक मला त्या बायकांकडूनच कळली!

मग ते काळा चष्मा लावून दळू लागले. चष्म्यावर पीठ बसलं, की गव्हात ज्वारी. "सेलिब्रिटीचे डोळे पब्लिकले दिसाले नाही पायजे." पब्लिकला डोळे नकोच होते, पीठ हवं होतं.

हुरळलो मीही. पहिली जाहिरात मीच आणली. एक दुकानदार म्हणाला, घरगुती वापराची वस्तू आहे. मी पुढे काही न विचारता हो म्हणालो. काही दिवसांनी उंदराच्या औषधाच्या पुडीवर सदुभाऊ हसत होते. खाली लिहिलेलं, 'एकदा हसला की संपला.' बाजारात पोरं ओरडायची, "उंदराची दवाई आली!" पहिली पुडी मलाच चारणार, अशी माझी खात्री. पण सदुभाऊ खूश. "नाव तं झालं ना बे?"

यंदा मंडईसाठी मोठा बॅनर करायचा ठरला. मी म्हटलं, हायवेवर लावू.

"नाही. कोंढा गावाले. वळणावर."

"नाटक इकडं अन् बॅनर तिकडं कायले?"

"मार्केटिंगमधलं तुले काय समजते?"

छापून आला तर फोटोत चष्मा नाही, मिशीला पीळ नाही, साधं हसू. खाली एवढंच, 'मंडईले घरी या.' नाटकाचं नावच नाही! म्हटलं, झालं, ही चूकही माझ्याच खात्यात.

बॅनर बांधताना समोरचं घर पाहिलं आणि माझी ट्यूब पेटली. ते मंगलाचं, त्यांच्या लेकीचं. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हा खलनायकानं घरातही डायलॉग मारला होता, "या दारात पाय ठेवजो नको." मंडईला साऱ्या गावच्या लेकी माहेरी येतात. मंगला तेव्हापासून आली नव्हती.

पुढे अवकाळी पाऊस आला आणि बॅनर गायब झाल्याचा फोनही.

"ब्रँड चोरला!" म्हणत सदुभाऊंनी मला गाडीवर घातलं. कोंढ्याला बांबू तेवढे उभे. शोधत शोधत मंगलाच्या खळ्यावर पोचलो. कापलेल्या धानाच्या ढिगावर बॅनर पांघरलेला, कोरी बाजू वर.

"उलटा काहून टाकला? चेहरा दिसून नाही राहिला!" सदुभाऊ गरजले.

मंगलानं मान वर केली नाही. "तुमच्या तोंडावर पाणी पडून राहिलं होतं, बाबा."

नाटकात अडले की प्रॉम्प्टर असतो. इथं मीच हळू आवाजात म्हटलं, "मंडईले..."

"येजो," सदुभाऊ म्हणाले. मग बॅनरची कड नीट करत, "दोघंही."

निघताना तिनं वालाच्या शेंगांची पिशवी भरून आणली. सवयीनं मी हात पुढे केला. सदुभाऊंनी तो बाजूला सारला, गाडीवर माझ्या मागे बसले आणि साकोलीपर्यंत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.