जोडलेले हात

"अहो, खालचा जितेंद्र आलाय. आपली जाळी काढा म्हणतोय!" मनोरमाबाईंची हाक ऐकून आत्माराम तेंडोलकर अर्ध्या गालावर साबणाचा फेस घेऊनच दारात आले. जितेंद्रच्या हातात कोर्टाचा हुकूम होता. त्याने दावा लावला कधी, एकतर्फी निकाल लागला कधी, आत्मारामांना कशाचाच पत्ता नव्हता. खिडकीबाहेरच्या त्या जाळीत मनोरमाबाईंचा मोगरा, कढीपत्ता आणि अळू होतं. फुलपाड्यात त्यांची जमीन म्हणाल तर तेवढीच.

"एक सळई हलू देणार नाही," आत्माराम म्हणाले आणि फेस पुसून थेट वसईला वकिलाकडे गेले.

वकीलबाई संपदा यांनी कागद चाळले. "बेलिफ आला तेव्हा तुम्ही शिमग्याला गावी होता. त्याने समन्स सोसायटीच्या सेक्रेटरीला दिलं. सेक्रेटरीने फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. बेलिफने लिहिलं, समन्स पोचलं. पण ते तुमच्या हातात किंवा घरातल्या मोठ्या माणसाकडे द्यायला हवं होतं. सेक्रेटरी तुमच्या घरातला का?"

"सात पिढ्यांत नाही!"

"मग लढू."

कोर्टात जितेंद्रचे वकील मोबाइल उंचावत उभे राहिले. "साहेब, फोटोखाली यांचे जोडलेले हात आहेत. पोचल्याची पावतीच ही!"

संपदाने कपाळावर हात मारला. आत्माराम मात्र मागे हटणारे नव्हते. "साहेब, मी सगळ्यालाच हात जोडतो. वाचत काही नाही. बघा ना!"

न्यायाधीशांनी फोन पाहिला. पाणी येणार नाही, हात. लिफ्ट बंद, हात. कोणाचं तरी मांजर हरवलं, हात. सेक्रेटरीचे सासरे वारले, तिथेही हात. तेवढे मात्र योग्य जागी पडले होते.

"ग्रुपचं सोडा," वकील म्हणाले. "घरच्यांचे मेसेज तरी वाचत असाल?"

"बायकोचेसुद्धा वाचत नाही!" संपदाने त्यांचा पाय दाबला, पण गडी रंगात आला होता. त्यांनी स्वतःच मनोरमाबाईंचे मेसेज उघडून दिले. मागच्या बाकावर मनोरमाबाई ताठ झाल्या.

वकील मोठ्याने वाचू लागले. "'गुडघा फार दुखतोय, डॉक्टरकडे जाऊया का?' हात. 'आज आपल्या लग्नाचा वाढदिवस.' हात." मग ते थबकले.

"वाचा," न्यायाधीश म्हणाले.

"'खालचा जितेंद्र भेटला. कुंड्यांचं पाणी त्याच्या कपड्यांवर ठिबकतं. खाली ताटल्या ठेवा, नाहीतर कोर्टात जाईन म्हणाला. मला कुंड्या उचलवत नाहीत. तुम्ही बघा ना.'"

"त्यावर?"

"हात, साहेब."

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. "प्रतिवादीला काहीच पोचत नाही, याबद्दल कोर्टाची खात्री पटली आहे." हुकूम रद्द झाला. समन्स तिथेच आत्मारामांच्या हातात दिलं गेलं.

बाहेर जितेंद्र जवळ आला. "काका, ताटल्या ठेवा, मी केस मागे घेतो. मला तेवढंच पाहिजे होतं."

जाळी वाचली होती. तरी कोर्टाच्या पायऱ्यांवर आत्मारामांना जिंकल्यासारखं वाटेना. मनोरमाबाई कठड्याला धरून, गुडघा सांभाळत एकट्याच उतरत होत्या. आत्माराम धावत त्यांच्यापुढे गेले आणि त्यांनी हात जोडले. या वेळी खरेखुरे.

मनोरमाबाईंनी त्या हातांकडे नीट पाहिलं.

"हे मला पोचलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि ताटल्या घ्यायला बाजाराकडे वळल्या.