शनिवारच्या तेलाची हकीकत

श्री चक्रधर प्रसन्न. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, माघमासी घाटमाथ्याचे एका राज्यात जे वर्तमान घडले, ते जैसे कानी आले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव मुद्दाम गाळिले; ठिकाण कळले म्हणजे लोक सांत्वनास जातात, आणि तेथील धन्यांस आता सांत्वन सोसत नाही.

ते राज्य म्हणजे पत्र्याचे एक गॅरेज आणि पुढे अंगण. धनी मानाजीराव भापकर. गावोगावची आजारी वाहने त्यांचे दरबारी येत आणि बरी होऊन जात, ऐसा लौकिक. त्यांस अपत्ये दोन, थोरले रणधीरराव आणि धाकटी वैजयंतीबाई, तीस घरात वैजू म्हणत. आणि पागेत एक घोडा होता, परदेशी, दोन ठोक्यांचा, म्हणजे लोक ज्यास टू-स्ट्रोक म्हणतात तो, मातीत धावावयाचा आणि डोंगर चढावयाचा, त्याची आरोळी उठली की आळीतल्या कोंबड्या खुराड्यात शिरत. प्रथम त्यावर रणधीरराव बसत. मग एके शनिवारी रणधीररावांनी बाजारातून घोड्याकरिता तेल आणिले आणि रविवारी शर्यतीत उडीवरून पडले, मांडीचे हाड मोडले, आणि पाय आखूड जाहला तो जाहलाच. डॉक्टर म्हणाले, उडी चुकली. मानाजीराव म्हणाले, शनिवारी तेल आणिले. तेव्हांपासोन राज्यात कायदा जाहला की शनिवारी तेलाचा थेंब उंबरठ्याआत येणे नाही, मग ते फोडणीचे असो की यंत्राचे.

रणधीररावांमागे वैजूबाईंनी लगाम हाती घेतला आणि भावापेक्षा सवाई निघाल्या. त्या माघात प्रांताच्या संघाकरिता घाटावर शर्यत नेमिली होती, आणि पहिल्या तिघांत येईल त्यास संघात घ्यावे ऐसे ठरले होते. परंतु वय एकविसाचे आत पाहिजे, आणि वैजूबाईंचे एकविसावे फाल्गुनात सरत होते. म्हणजे हीच शर्यत, पुढे नाही. हे घरात सर्वांस ठाऊक होते आणि कोणी मोठ्याने बोलत नव्हते.

शर्यत रविवारी. शनिवारी दुपारी वैजूबाई सरावास गेल्या आणि ओढा ओलांडताना घोडा कंबरभर पाण्यात बसला. मग घरी येऊन खालचा बोल्ट सोडून पाहतात तो आतून तेलाऐवजी दुधाळ चहा ओघळतो आहे. येथे जाणत्यांस ठाऊक आहे ते नेणत्यांकरिता सांगतो. या जातीच्या घोड्यास तेले दोन. एक पेट्रोलात मिसळून जाळावयाचे, आणि दुसरे पोटात राहून गिअरांस व क्लचच्या चकत्यांस न्हाऊ घालावयाचे. पहिले घरात भरपूर होते. दुसऱ्यात पाणी शिरले, ते बदलल्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि घरातला डबा मागल्याच महिन्यात संपला होता. पेठेतले दुकान उघडे होते. दुकानदार नेमचंदशेट यांजकडे नेमके तेच तेल, दुचाकीच्या ओल्या क्लचचे, फळीवर मांडून ठेविलेले होते. परंतु वार शनिवार, आणि रविवारी दुकान बंद.

मग मोठी मसलत पडली. वैजूबाई म्हणाल्या, हे काही दिव्यात घालावयाचे तेल नव्हे, शनिदेवास याचे काय. मानाजीराव म्हणाले, तेल ते तेल. नेमचंदशेटांनी फोनावरून तोड सुचविली की डबा आज न्यावा आणि बिल सोमवारचे करू. त्यावर मानाजीराव म्हणाले की शनी बिल वाचत नाही, आणि फोन ठेविला. रणधीरराव बाजेवर पाय लांब करून बसले होते. ते एवढेच म्हणाले की आबा, उडी माझीच चुकली होती. ते मानाजीरावांनी ऐकिले नाही, अथवा ऐकून न ऐकिलेसे केले.

आणि मग त्यांस युक्ती सुचली. आपल्या चारचाकीकरिता आणिलेले तेल कपाटात होते, डब्याचे सील तैसेच, रंग मधासारखा, किंमत ऐसी की स्वतःच्या गाडीत घालतानाही ते थेंब मोजीत. डब्यावर लिहिले होते की हे तेल अत्यंत निसरडे असून इंधन वाचविते. लेकीकरिता सर्वांत उत्तम ते द्यावे, ऐसे बापाचे मन. डबा काढून आणिला तेव्हां त्यांचे मुखावर तेज चढले होते. वैजूबाईंनी डबा हाती घेऊन वाचिला आणि बाईंचे मुख उतरले.

"आबा, ह्यो निसरडेपणाच वाईट हाय," त्या म्हणाल्या. "गिअरला चालंल, पण त्याच तेलात क्लचच्या चकत्या बुडालेल्या असत्यात. त्यांनी एकमेकींस्नी धरायला पायजे. सुटल्या तर इंजिन नुसतं ओरडणार आन् चाक जागच्या जागी."

मानाजीराव हे सर्व जाणत होते. आयुष्य क्लच उघडण्यात गेले. जे दुसऱ्याच्या गाडीत त्यांनी कधी होऊ दिले नसते, ते त्यांनी त्या दिवशी स्वतःच्या अंगणात केले, कारण भय शिरले म्हणजे विद्या बाहेर जाऊन बसते. ते म्हणाले, "रणधीरचा पाय मी रोज बघतोय, वैजू. तुझा बघायची ताकद न्हाई माझ्यात." वैजूबाईंनी वाद सोडिला. त्यांनी फनेल धरिले, आणि बापाने ओतले.

रविवारी फौज घाटाखाली उभी राहिली. झेंडा पडला आणि घोडे सुटले. सपाटीवर वैजूबाईंचा घोडा शहाण्यासारखा पळाला, ओढ्यात दुसरा, झाडीतून बाहेर आला तो पहिला, आणि मानाजीराव माथ्यावर उभे राहून हातातला रुमाल पिळीत होते. त्यांस क्षणभर वाटले की देवाने ऐकिले. मग चढ लागला. खडी चढण, वजन मागल्या चाकावर, आणि तेल तापलेले. इंजिनाची आरोळी एकाएकी उंच गेली आणि घोडा मात्र सुस्तावला. मानाजीरावांनी तो आवाज ओळखला. दुरून, डोळे मिटून, कोणत्याही गाडीचा तो आवाज त्यांनी ओळखिला असता. चकत्या सुटल्या होत्या. एक घोडा पुढे गेला, मग दुसरा, मग तिसरा गेला, आणि मग मोजण्यात अर्थ राहिला नाही. वैजूबाई उतरल्या आणि घोडा ढकलू लागल्या. जळक्या क्लचचा वास माथ्यापावेतो आला. त्यांनी तो घोडा हाताने माथ्यावर आणिला, तेव्हां पंच खुर्च्या उचलीत होते.

मानाजीराव धावत गेले. प्रथम त्यांनी लेकीचे पाय चाचपिले, मग हात, मग मान, आणि वैजूबाईंनी निमूट चाचपू दिले. मग हेल्मेट काढून त्या बापाकडे पाहून म्हणाल्या, "न्हाई पडले, आबा. बघा, कुठं खरचटलंसुदिक न्हाई."

मानाजीरावांनी आदल्या दिवशी देवापाशी एवढेच मागितले होते. ते ऐकून ते धुळीत खाली बसले आणि रणधीररावांनी लंगडत येऊन उठवीपर्यंत उठले नाहीत.

येणेप्रमाणे शनिवारची मोहीम जाहली. हाड मोडले नाही, शनी कोपला नाही, आणि राज्य बुडाले. सोमवारी मानाजीरावांनी स्वतः पेठेत जाऊन योग्य तेल आणिले, नव्या चकत्या बसविल्या, आणि घोडा पहिल्यासारखा केला. वैजूबाई फाल्गुनानंतर शहरी नोकरीस गेल्या. मानाजीराव दर आठवड्यास घोडा सुरू करितात, अंगणातच क्लच दाबून सोडून पाहतात, आणि तो बरोबर धरतो म्हणून बंद करितात.