पडदे नसलेला कॅफे

महिपतरावांच्या घरचं इंटरनेट बंद पडून सतरा दिवस झाले होते, आणि इंटरनेटवाली कंपनी ते रोज अठ्ठेचाळीस तासांत दुरुस्त करून देत होती. गल्लीत ड्रेनेजचं काम निघालं होतं. खोदणाऱ्या यंत्राने पहिल्याच दिवशी जमिनीखालची केबल अचूक शोधून तोडली. पाइप मात्र अजून आले नव्हते. खड्डा तेवढा वेळेत पूर्ण झाला होता.

महिपतरावांना स्वतःला नेटची गरज नव्हती. ते एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. तीस वर्षं स्टँडवरच्या भोंग्यातून बार्शी आणि अक्कलकोट पुकारून त्यांचा आवाज असा तयार झाला होता, की फोन ते केवळ शिष्टाचार म्हणून वापरायचे. अडचण सुनेची होती. रेश्मा पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायची आणि दर महिन्याला परदेशी क्लायंटला आकड्यांचा रिपोर्ट समजावून सांगायची. मागल्या वर्षी सासूबाई गेल्या, तेव्हा महिपतराव एकटे पडू नयेत म्हणून ती आणि तिचा नवरा अभिमन्यू पुणं सोडून सोलापूरला आले होते. अभिमन्यू बियाण्यांच्या कंपनीत फिरतीवर. त्याला पुणं काय नि सोलापूर काय, महिन्यातले वीस दिवस लॉजच.

फोनवरचं नेट घरात यायचं नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ टेकून बसलं तर यायचं. मे महिन्यातल्या दुपारी सोलापुरात गच्चीवर बसायची तयारी रेश्माने दाखवली, लॅपटॉपने दाखवली नाही. अकराव्या मिनिटाला तो तापून बंद झाला.

मग पुण्याच्या मॅडमचा फोन आला. त्यांनी अतिशय गोड आवाजात सांगितलं, की गुरुवारी तीन वाजता क्लायंटसमोर नेट गेलं तर हे काम टीममधल्या पायलकडे द्यावं लागेल, आणि रेश्माने इतर संधींचा विचार करायला हरकत नाही.

"संधी म्हंजे बढती का?" महिपतरावांनी विचारलं.

"नाही मामा. कामावरनं काढतात ना, त्याला म्हणतात."

 नोकरी गेली तर दुसरी शोधायला पुण्यालाच जावं लागणार, एवढं महिपतरावांना कळत होतं. पण 'तुम्ही जाऊ नका' हे वाक्य त्यांच्या भोंग्यातून कधीच बाहेर पडलं नव्हतं. ते म्हणाले, "ते वायफाय कॅफेत असतंय म्हणं. उद्या बघून येऊ."

"मी जाते की. तुम्ही कशाला उन्हात?"

"कुटं काय मिळतंय, हे मला इचारायचं. सोलापूर माझं हाय."

बुधवारी सकाळी दोघं स्कूटरवरून निघाले. पहिला कॅफे कॉलेजजवळचा. आत इतका अंधार होता की महिपतरावांनी आधी विचारलं, लाइट गेली का. प्रत्येक टेबलाला कप्पा आणि कप्प्याला जाड पडदा. गल्ल्यावरच्या माणसाने पांढरी टोपी घातलेल्या महिपतरावांकडे पाहिलं, पंजाबी ड्रेसमधल्या रेश्माकडे पाहिलं, आणि धंद्याच्या सवयीने विचारलं, "कपल केबिन का?"

"सून हाय माझी," महिपतराव म्हणाले.

ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, एवढीच चूक. पडद्यांमागची कुजबुज एकदम थांबली. तो आवाज आपल्याच वडिलांचा असावा असं एकाच वेळी पाच-सहा जणांना वाटलं. एकेक पडदा हलला, आणि तोंडाला रुमाल बांधलेली तरुण पिढी भिंतीच्या कडेने बाहेर पडू लागली. शेजारच्या शरणप्पांचा पुतण्या मात्र समोरच सापडला. त्याने प्रसंगावधान राखून महिपतरावांच्या पाया पडून घेतलं आणि तसाच वाकलेला दाराबाहेर गेला.

"काका," मालक हात जोडून म्हणाला, "वायफाय लई चांगलं आहे आमचं. पण तुमी येऊ नका."

दुसरा कॅफे सात रस्त्याच्या बाजूला, काचेचा, थंडगार. तिथे भिंतीवर मोठ्या सुबक अक्षरांत लिहिलं होतं, 'इथे वायफाय नाही. एकमेकांशी बोला.' महिपतरावांनी ते दोनदा वाचलं.

"आमी घरी बोलतो की," ते मालकिणीला म्हणाले. "त्याच्यासाठी एवढी महागाची कॉफी कशाला प्यायची?"

मालकीण म्हणाली की ही एक संकल्पना आहे. महिपतराव म्हणाले, एसटीत पण असायची, तिथे तिला सेवा खंडित म्हणायचे. रेश्माने त्यांना हाताला धरून बाहेर आणलं.

तिसऱ्या ठिकाणी मात्र जमलं. ऐसपैस जागा, भरपूर उजेड आणि नेट घोड्यासारखं पळणारं. रेश्माने तासभर बसून खात्री करून घेतली. मालक सिद्धाराम अदबीने म्हणाले, "उद्या बिनघोर या वहिनी. हितं काहीच अडचण येत न्हाय."

गुरुवारी दोन वाजता रेश्मा तिथे लॅपटॉप उघडून बसली. दोन वाजून पाच मिनिटांनी वीज गेली. पंखे क्षणभर थांबले आणि इन्व्हर्टरवर पुन्हा फिरू लागले. फ्रिज घरघरला. नेट आलं नाही.

"ती वायफायची डबी इन्व्हर्टरवर न्हाय का?" महिपतरावांनी विचारलं.

"न्हाय हो काका. गिऱ्हाईक घामानं उठतंय, वायफायनं कशाला उठंल?"

"आमी उठलो की."

"तुमी पहिलेच," सिद्धाराम कौतुकाने म्हणाले.

फोनवरच्या नेटला इथेही एकच काडी होती, आणि वीज कधी येणार, हे विचारायला लावलेला फोन कुणी उचलत नव्हता.  रेश्माने लॅपटॉप पिशवीत घातला, पिशवी मांडीवर घेतली आणि रस्त्याकडे पाहत बसली. तिला असं बसलेलं महिपतरावांनी एकदाच पाहिलं होतं, सासूबाईंच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर. त्यांनी टोपी सारखी केली. "ऊठ. स्कूटरवर बस."

"कुठं जायचं मामा? पाऊण तास राहिलाय."

"बस म्हणलं की."

कुठे जायचं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. शुक्रवार पेठेच्या तोंडाशी एका खांबाला शिडी लावून एक माणूस वर केबलींच्या जंजाळात हात घालून उभा होता. त्याच्या पाठीवर कंपनीचं नाव होतं. इतके दिवस रोज अठ्ठेचाळीस तास देणारी हीच ती कंपनी. महिपतरावांनी स्कूटर बरोबर शिडीच्या पायाशी लावली.

"ओ, तांत्रिक विभाग. खाली उतरू नका. फक्त सांगा."

माणूस दचकला. त्याने खाली पाहिलं, आणि फोनवर रोज ऐकलेला आवाज त्याला ओळखू आला. "काका, तुमचं उद्या नक्की करतो."

"माझं जाऊ द्या. असं एक गिऱ्हाईक सांगा, ज्याची तक्रार कधीच येत न्हाय."

त्याने बराच वेळ विचार केला. आठवायला त्रास होत होता, यात त्याचा दोष नव्हता. शेवटी म्हणाला, "एकच आहे. गुफरानभाई. पुढच्या बोळात टायरचं दुकान आहे, त्याच्यावर त्यांचा कॅफे. बहिणीच्या ऑनलाइन परीक्षेसाठी त्यांनी दोन कंपन्यांची नेटं घेतलीत आणि दोन्ही इन्व्हर्टरवर ठेवलीत. आमच्यावर इश्वासच नाही त्यांचा."

"शाणा माणूस," महिपतराव म्हणाले आणि निघाले.

टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीत सहा टेबलं होती आणि गिऱ्हाईक एकही नव्हतं. कारण उघड होतं. खोलीला तिन्ही बाजूंनी खिडक्या होत्या, आणि पडदा एकाही टेबलाला नव्हता. सोलापुरात वायफायसाठी कॅफेत कुणी येईल, अशी एक चुकीची कल्पना करून गुफरानने हा धंदा टाकला होता.

"वायफाय चालू हाय का?" महिपतरावांनी दारातूनच विचारलं.

गुफरान उठून उभा राहिला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला हा प्रश्न कुणीतरी विचारला होता. "बिल्कुल चालू आहे काका. बैठो ना. वहिनी, इथं बसा, इथं सबसे अच्छा येतं."

तीनला दोन मिनिटं कमी असताना रेश्माचा चेहरा पडद्यावर आला. पुढची पन्नास मिनिटं महिपतरावांनी कॅफे ताब्यात घेतला. त्यांनी गुफरानला मिक्सर लावू दिला नाही. खाली जाऊन टायरवाल्याला हातोडा खाली ठेवायला लावलं. कोल्ड कॉफी प्यायला आलेल्या दोन मुलींना जिन्यातच अडवून हळू आवाजात सांगितलं, "ही गाडी विनाथांबा हाय. पुढची चारला." दोन वर्षांनी आलेलं गिऱ्हाईक परत जाताना गुफरान कठड्यावरून हताशपणे पाहत राहिला.

नेट एकदाही अडखळलं नाही. रेश्मा बोलत होती, क्लायंट माना डोलावत होते. निरोप घेताना ते म्हणाले, रिपोर्ट कायम हिच्याकडेच ठेवा. ते गेल्यावर पडद्यावर पुण्याच्या मॅडम आणि पायल राहिल्या.

"रेश्मा, अप्रतिम," मॅडम इअरफोनवरून तिच्या कानात म्हणाल्या. "मला टीम लीडसाठी एक नाव चारच्या आत वर कळवायचंय. मी तुझं कळवते. एक तारखेपासून पुण्याच्या ऑफिसात, आठवड्याचे पाचही दिवस. हो म्हण, लगेच पाठवते."

म्हणजे नेट गेलं असतं तर पुणं होतंच, आणि टिकलं म्हणूनही पुणंच. रेश्माला तिथले रोजचे साडेतीन तास रस्त्यावरचे आठवले, कीबोर्डवर सांडलेलं जेवण आठवलं. इथे अकराच्या ठोक्याला महिपतराव खोलीच्या दारात चहाचा कप ठेवून, एक शब्द न बोलता, पाऊल न वाजवता निघून जात. नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. पण बढती नाकारणाऱ्याला महत्त्वाकांक्षा नाही, असं कंपनी कायमचं लिहून ठेवते. नेट गेलेल्या माणसाबद्दल कुणी काही लिहीत नाही.

तिने तोंड तसंच उघडं ठेवलं.

महिपतरावांनी गल्ल्याजवळून पाहिलं. सून ताठ बसली होती. डोळे एका जागी, तोंड अर्धं उघडं, पेन धरलेला हात हवेत.  ते पळत टेबलापाशी, लॅपटॉपच्या मागच्या बाजूला गेले. "रेश्मा, पोरी, काय होतंय तुला?" हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तोच टेबलाखालून रेश्माने त्यांच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. महिपतराव होते तिथेच उभे राहिले, आणि ते का थांबले हे त्यांनाही नीट कळलं नाही.

"रेश्मा? ऐकू येतंय?" मॅडम तिच्या कानात म्हणत होत्या. "अगं, अडकली ही."

"सोलापूरला असंच आहे मॅडम," पायल म्हणाली.

"आता चार वाजतील. पायल, तुझं नाव देऊन टाकते. रिपोर्ट काय, ती तिकडूनच करू दे. क्लायंट खूश आहेत."

पडदा काळा झाला. रेश्माने तोंड मिटलं, जबडा चोळला आणि इअरफोन काढले.

"गेलं हो मामा, नेट."

गुफरानला हे सहन झालं नाही. "कायकू जाएगा वहिनी? दो साल में एक बार नहीं गया." त्याने फोन काढून वेग मोजला आणि तो महिपतरावांच्या डोळ्यांपुढे धरला. "हे बघा काका. फुल्ल आहे."

महिपतरावांनी फोन पाहिला. मग सुनेकडे पाहिलं. ती चार्जरची वायर गुंडाळत होती. ती गुंडाळून झाली होती, तरी गुंडाळत होती.

"नोकरी?" त्यांनी विचारलं.

"आहे की."

"कुटं?"

"इथंच," रेश्मा वर न बघता म्हणाली.

महिपतरावांनी टोपी काढली, आतून बाहेरून नीट पाहिली आणि पुन्हा घातली. मग गुफरानकडे वळून घसा साफ केला.

"मालक," ते म्हणाले, "तुमचं नेट लई वाईट हाय. उद्यापास्नं आमी रोज येणार."